पहिला गोल होईस्तोर

मी भित्री बाई नाही. वकील आहे, कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली टेबल टाकून बसते, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, बक्षीसपत्रं करते, आणि दिवसातून एकदा तरी कोणाशी ना कोणाशी माझं वाजतंच. पोलीस असो, बिल्डर असो, आमच्या घरमालकाचा तो आगाऊ जावई असो, मी कोणाच्या बापाला घाबरत नाही असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचे. गेल्या उन्हाळ्यात एवढ्याशा एका व्हिडिओने माझी ही मिजास उतरवली.

शेजारच्या टेबलावरचे टायपिस्टकाका मोबाइल घेऊन आले. "मॅडम, हा तुमचाच भाऊ ना जी? काय गोल मारला राजेहो!"

मी पाहिलं. संध्याकाळचं मैदान, धूळ, भिंतीवर माकडांसारखे बसलेले पोट्टे. मधोमध माझा भाऊ, कोणाची तरी निळी जर्सी घातलेली, ती त्याला खांद्यात घट्ट होत होती. चेंडू डाव्या पायावर घेतला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि गोल. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण माइकवाला बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "आपला पोट्टा! मोठ्या क्लबचा पोट्टा!" आणि पुढे क्लबचं नाव, एकदा नाही, तीन-चारदा, जणू क्लबच्या मालकानेच त्याला तसं सांगितलं होतं.

टायपिस्टकाका कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत होते. माझे हातपाय गार पडले होते. भर मे महिन्यात, नागपुरात.

माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान आहे आणि त्याचा धंदा फुटबॉल खेळणं हा आहे. आमच्याकडे असं सांगितलं की लोक म्हणतात, ते ठीक आहे जी, पण करतो काय? तो तेच करतो. या व्हिडिओच्या आदल्या वर्षी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या क्लबने त्याला तीन वर्षांसाठी घेतलं होतं. खेळाडू आणि क्लब यांच्या मधला जो दलाल असतो, एजंट, त्याने करार आणून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "स्टँडर्ड आहे ताई, सगळे अशीच सही करतात." स्टँडर्ड हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आजवर जितक्या लोकांना फसताना पाहिलं तितके सगळे स्टँडर्ड कागदावरच फसले. मी म्हटलं, आधी चहा घ्या, मी वाचते.

बाबांना साइनिंग बोनस म्हणजे बक्षीस वाटलं होतं. सही केली, खूश होऊन वरून काही दिलं, असं. त्यांची सगळी उमर इतवारीतल्या एका ठोक भांड्यांच्या दुकानात स्टील तोलण्यात गेली, दिवाळीला मालक बोनस द्यायचे, तो कोणी परत मागितला नाही. मी त्यांना समजावलं की हा तसला बोनस नाही. ही रक्कम तीन वर्षं इमानदारीने राहण्याची आगाऊ किंमत आहे. अर्धी सहीच्या वेळी, अर्धी दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीला. आणि मधेच पोराने गंभीर गैरवर्तन केलं म्हणून क्लबने त्याला काढलं, तर दिलेली सगळी परत.

"सगळी कायले?" बाबा म्हणाले. "जेवढं खेळला तेवढं तर त्याचं ना."

बाबांनी एका वाक्यात जे म्हटलं त्याच्यासाठीच मी त्या एजंटशी दोन संध्याकाळी भांडले. शेवटी दोन बदल झाले. परत द्यायचं ते फक्त उरलेल्या काळाचं. आणि काढण्याआधी लेखी नोटीस, उत्तराला पुरेशी मुदत. एजंट जाताना म्हणाला, ताई, खेळायला चाललाय तो, खटला लढायला नाही. मी म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो.

बोनसचा पहिला भाग आला आणि हुडकेश्वरला आमचा जो प्लॉट कित्येक वर्षं नुसता गवत खात पडला होता, त्यावर घर उभं राहायला लागलं. आम्ही अजूनही प्रताप नगरला भाड्याने राहतो. परवानगीत वेळ गेला, त्यामुळे छताचा स्लॅब टाकला तो त्याच मे महिन्यात. म्हणजे तो व्हिडिओ आला तेव्हा बोनसचा स्लॅब झालेला होता, आणि स्लॅब कोणाला परत देता येत नाही.

संध्याकाळी घरी गेले तर हा पठ्ठ्या कूलरसमोर पाय पसरून टरबूज खाऊन राहिला होता. मोसम संपला की सुट्टीला येतो. मी पर्सही ठेवली नाही, मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"हजेरी," तो म्हणाला. अगदी सहज.

हजेरी म्हणजे काय ते सांगते. ज्या सरांनी त्याला खेळायला शिकवलं, ते वारले. फुकट शिकवायचे, पोरांना स्वतःच्या खिशातून केळी आणि बूट द्यायचे. त्यांच्या नावाने दर उन्हाळ्यात त्याच मैदानावर टुर्नामेंट होते, आणि तिथे एक रीत पडली आहे. सरांच्या हाताखालचा कोणताही मुलगा गावात असेल तर माइकवरून त्याचं नाव पुकारतात. त्याने जर्सी घालून उतरायचं आणि पहिला गोल होईस्तोर खेळायचं. गोल कोणत्याही बाजूचा होवो, झाला की सरांच्या फोटोला हात लावून बाहेर यायचं. बँकेत असलेले, पोट सुटलेले, गुडघे गेलेले, सगळे उतरतात. एकदा एका डॉक्टरने ऑपरेशन आहे म्हणून गोल व्हायच्या आधीच मैदान सोडलं, तर त्याचं नाव लोक अजून काढतात.

"पाच मिनिटात होऊन जाईन म्हटलं," भाऊ म्हणाला. "पण गोल होऊनच नाही राहिला ना वं, ताई. दोन्हीकडचे गोलकीपर पेटलेले. अंधार पडून राहिला. मंग मीच मारला. सुटलो म्हटलं."

हसावं की थोबाडीत द्यावी ते मला कळेना. बाहेर पडता यावं म्हणून गोल मारला, आणि तोच गोल गावभर फिरत होता.

"क्लबला विचारलं होतं?"

"काय विचारू? सरांच्या फोटोले हात लावाले परवानगी द्या म्हणू?"

त्याला खरंच वाटत होतं की तो मॅच खेळला नाही. मी कपाटातून करार काढला आणि गंभीर गैरवर्तनाचं कलम मराठी करत मोठ्याने वाचलं. उत्तेजक औषध घेणं. सामन्यावर पैसे लावणं. पंचावर हात उचलणं. दुखापत लपवणं. आणि क्लबच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कोणत्याही संघाकडून, कोणत्याही स्वरूपाच्या सामन्यात, कितीही वेळ खेळणं. त्यातलं 'कितीही वेळ' मी दोनदा वाचलं.

उशिरा येणं, वजन वाढणं, बैठकीला दांडी मारणं, हे सगळं किरकोळ गैरवर्तनात होतं. त्याला दंड, पगारातून कापून घेतात, झालं गेलं संपलं. सही केली तेव्हा त्याला भीती याच यादीची होती, कारण तो उशिरा उठतो.

आईने हातातली भाजी खाली ठेवली. "म्हणजे सट्टा खेळनारा अन् आपला बाबू, एकाच रांगेत?"

"एकाच."

"कोनी लिहिलं वं हे?"

कोणी लिहिलं ते काय सांगू. लिहिणाऱ्याला हजेरी माहीत नव्हती. त्याला भीती होती ती त्याच्या मालाला दुसऱ्याच्या मैदानावर धक्का लागण्याची, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही असंच कलम लिहिलं असतं. मला कलमाचा राग नव्हता आला. मला राग आला होता तो या येड्याचा, ज्याने एक साधा मेल टाकला नाही. मी त्याला वाट्टेल ते बोलले. बेअक्कल बोलले, बैल बोलले. तो ऐकत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तसा माझाही आवाज उतरला.

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली.

पहिल्यांदा आम्ही व्हिडिओ पुसायच्या मागे लागलो. तो टाकला होता भावाच्याच लहानपणच्या दोस्ताने, त्या दिवशीच्या गोलकीपरने. बिचाऱ्याने दोन मिनिटात काढला. पण तोवर तो शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, आमच्या वऱ्हाडातल्या चुलत्यांच्या ग्रुपवर जाऊन पोचला होता. चुलत्यांनी वर लिहिलं होतं, आपल्या घराण्याची शान. मी फोन करून म्हटलं, काका, कृपा करून काढा. ते म्हणाले, काहून वं पोरी, जळून राहिली का?

फोन वाजला की आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचो. गॅसवाला, बँकवाली, राँग नंबर, कोणीही असो, आई आधी देवाकडे बघायची. भावाने मोबाइलची रिंग बंद केली, मग आवाज नाही म्हणून दर थोड्या वेळाने उचलून बघायला लागला. जेवताना सुद्धा मोबाइल ताटाशेजारी उताणा पडलेला असायचा. एकदा कुल्फीवाल्याची घंटा ऐकून भाऊ दचकला. हसूही आलं नाही कोणाला.

बाबा रोज सकाळी हुडकेश्वरला स्लॅबवर पाणी मारायला जायचे. एक दिवस मी त्यांना गाडीवर सोडलं. ते पाइप हातात धरून उभे राहिले, पाणी काही सोडेनात.

"काय झालं?"

"मारू का पानी?" ते म्हणाले. "का कोनाच्या घरावर मारून राहिलो मी?"

मी ओरडलेच. म्हटलं, बाबा, अभद्र बोलू नका, मारा पाणी. पण परत येताना सिग्नल लागलेला मला दिसलाच नाही.

मग क्लबचा मेल आला. कारणे दाखवा. इतका सभ्य होता की अंगावर काटा आला. आपण अमुक मैदानावर विनापरवानगी सामना खेळल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे, सोबत व्हिडिओ जोडला आहे, आपले म्हणणे मुदतीत कळवावे, तोवर कलमानुसार सर्व पर्याय खुले आहेत. त्यांनाही कोणीतरी कौतुकानेच पाठवला असणार.

तो गोलकीपर दोस्त धावत आला. म्हणाला, "ताई, नाही म्हणून टाका ना. अंधार आहे, तोंड कुठं नीट दिसते? माइकवाला काही पण बकत राहते. माझा मावसभाऊ सेम याच्यासारखा दिसते, तो लिहून देते, मीच होतो म्हणून."

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आशा होती, आणि तिचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आईसुद्धा म्हणाली, "असं होत असन तर..."

मी प्रतिज्ञापत्रं करणारी बाई. खोटं लिहून देणारे मी रोज बघते. ते पहिल्या प्रश्नाला टिकतात, दुसऱ्याला टिकतात, तिसऱ्याला त्यांच्या कानशिलावरून घाम यायला लागतो. मी म्हटलं, "खेळला, याला एक शिक्षा. खोटं बोलला, याला दुसरी. पहिलीत कदाचित माफी आहे, दुसरीत नाही. अन् त्या मावसभावाला कायले मारता मधे?"

"अन् खरं सांगून काढलं तर?" भाऊ म्हणाला.

मी लॅपटॉप उघडला आणि भावाच्या नावाने उत्तर लिहायला घेतलं. हो, तो मीच. ही स्पर्धा दिवंगत प्रशिक्षकांच्या स्मरणार्थ होती. तिला तिकीट नव्हतं, मला एक रुपया मिळाला नाही. तो सामना समजला जाईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. परवानगी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. पाठवायचं बटण भावाने दाबलं आणि लॅपटॉप मिटून टाकला.

उत्तर पाठवल्यावर तर अजून वाईट दिवस आले. आधी निदान काही करायचं होतं. आता नुसती वाट बघायची. मी दुसऱ्यांचे करार करताना चुका करायला लागले, एका भाडेकरूच्या जागी घरमालकाचं नाव टाकलं आणि वर त्यांच्यावरच खेकसले. रोज मनातल्या मनात हिशेब करायचे की उरलेल्या काळाचं परत द्यायचं म्हटलं तर किती, आणि कोण देणार. पण खरी धास्ती त्याची नव्हती. पैसा कसाही उभा करता येतो, माझी गाडी आहे, आईच्या बांगड्या आहेत. गैरवर्तनासाठी काढलेला खेळाडू म्हटल्यावर दुसरा कोणता क्लब त्याला दारात उभा करणार? त्याला दुसरं काही येत नाही. बारावी कशीबशी झाली आहे. त्याचा पाय हेच त्याचं शिक्षण.

क्लबने समोर बोलावलं. प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी ऑफिसात येऊन भेटा. मी सोबत येते म्हटलं, तर एजंट म्हणाला, बहिणीला घेऊन आला तर पोरगा घाबरलाय असं दिसेल. घाबरलाच होता, पण तसं दिसू द्यायचं नव्हतं. विमानतळावर मी त्याला दहादा बजावलं, विचारतील तेवढंच बोल, चिडू नको, रडू नको. तो म्हणाला, हाव. आत गेल्यावर त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

भेट होती त्या दिवशी मी टेबल लावलंच नाही. बाबाही स्लॅबवर गेले नाहीत. आम्ही तिघं बैठकीच्या खोलीत बसलो होतो, टीव्ही बंद, कूलर चालू. आईने पोहे केले होते, ते कोणी खाल्ले नाहीत. दुपार कलल्यावर फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई," तो म्हणाला, आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. "नाही काढलं वं."

आईने फोनलाच हात जोडले. बाबा उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. माझा जीव असा भांड्यात पडला की डोळ्यातून घळाघळा पाणीच आलं. मी, कोणाच्या बापाला न घाबरणारी, पदराने नाक पुसत होते.

"काय म्हणाले? नीट सांग."

"चांगलं बोलले. खरं सांगितलं ते आवडलं म्हणे. मॅनेजर म्हणे, आमच्याकडे पण असे सर होते. बोनस परत नाही मागत. दंड पण नाही."

"दंड पण नाही?" माझे डोळे जागच्या जागी सुकले. धंद्याची सवय, काही न घेता सोडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. "मंग काय मागितलं?"

"काहीच नाही. एक कागद होता फक्त. त्याच्यावर सही केली."

"कोणता कागद?"

"नवीन काहीतरी. जुन्या कराराले जोडाचा. म्हणे, हे झालं की विषय संपला."

"वाचला?"

"सही केली ना, ताई."

"अरे, वाचला का?" मी किंचाळले. "मला फोन करू दिला नाही का त्यांनी?"

"नाही ना ताई, उलट ते म्हणे, घाई नाही, दोन दिवस घे, तुझी बहीण वकील आहे ना, तिले दाखव. मले भेव वाटलं वं. दोन दिवसांत त्यांचं मन पलटलं असतं तर? मी म्हटलं, नाही सर, आताच करतो."

मी त्याला फोटो पाठवायला सांगितला. आई पोहे गरम करायला आत गेली होती, बाबा चपला घालून पेढे आणायला निघाले होते. फोटो आला. एकच पान होतं. बोनसचा दुसरा हप्ता खेळाडू स्वखुशीने सोडत आहे, इथवर माझं काही म्हणणं नव्हतं, जाऊ दे, गेला तर गेला. खाली दुसरा परिच्छेद होता. यापुढे क्लब एक महिन्याची सूचना देऊन, कोणतेही कारण न दाखवता, करार संपवू शकेल. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. शब्द साधे होते, त्यात कुठे पळवाट नव्हती. आजवर त्याला काढायचं तर क्लबला गैरवर्तन दाखवावं लागत होतं, नोटीस द्यावी लागत होती, त्याचं ऐकून घ्यावं लागत होतं. आता त्याने कितीही चांगलं वागून दाखवलं तरी उपयोग नव्हता. आणि खाली त्याची सही, शाळेत करायचा तशीच, गोल गोल, स्वच्छ अक्षरात.

"काहून गप झाली वं?" आईने आतून विचारलं.

बाबा दारातच थांबले होते. मला खोटं बोलता आलं असतं, पण मला ते जमत नाही, आणि त्या माणसाने तीस वर्षं तराजू धरला होता, त्याला फसवणार कसं. मी कागद मराठीत वाचून दाखवला, काही न लपवता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चपला काढल्या आणि परत खुर्चीवर येऊन बसले.

"म्हणजे इतके दिवस एका गोष्टीचं भेव होतं," ते म्हणाले. "आता रोज भ्यायचं."